बोर्डावर सगळ्यात मागे असलेला

शुक्रवारी रात्री साडेनऊला क्लायंटचा फोन आला. विम्याच्या हप्त्याचे पैसे काही ग्राहकांच्या खात्यातून दोनदा कट झाले होते. आमची सॉफ्टवेअर टीम सहा जणांची. दोघं तर अजून हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्येच अडकलेले.

मॅनेजरने लगेच कॉल सुरू केला आणि दुसऱ्या टीममधले पाच जण त्यात आणून बसवले. सहा माणसांत एकमेकांशी बोलायच्या जोड्या होतात १५, अकरा जणांत ५५. त्या पाच जणांना सिस्टीम समजावण्यातच पहिला तास गेला. वर दर पंधरा मिनिटांनी मॅनेजरचा प्रश्न, "किती टक्के झालं?" चूक कुठे आहे हेच कळलं नव्हतं, टक्के कशाचे सांगायचे?

आमच्यातला एक जण मात्र कॉल म्यूट करून लॉग, म्हणजे सिस्टीमने आपोआप केलेल्या नोंदी, वाचत बसला होता. तिकिटं, म्हणजे टीमच्या बोर्डावर नोंदलेली कामं, कमी बंद करतो म्हणून मागच्याच महिन्यात त्याला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं होतं. लॉगमध्ये काहीच नव्हतं, आणि त्याला संशय आला तो त्यामुळेच. रात्री एकच्या सुमारास कोडमधला एक रिकामा कॅच ब्लॉक, म्हणजे एरर आल्यावर काय करायचं ते लिहायची जागा, त्याला सापडला. पेमेंट गेटवेचं, म्हणजे पैसे कट करणाऱ्या सेवेचं, उत्तर वेळेत आलं नाही की आमचा प्रोग्रॅम तो एरर गिळायचा, कुठेही नोंद न करता, आणि तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवायचा. पहिली रिक्वेस्ट तर तिकडे पोचलेली असायची, पैसेही कट झालेले असायचे, फक्त उत्तर यायला उशीर व्हायचा. दोन्ही वेळा एकच क्रमांक पाठवला असता तर गेटवेने दुसरी रिक्वेस्ट ओळखली असती. इथे दर वेळी नवा क्रमांक तयार होत होता.

कोड होता महिन्यात सगळ्यात जास्त तिकिटं बंद करणाऱ्याचा. मी त्याची पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोड सिस्टीममध्ये घेण्याआधी इतरांनी तपासायची नोंद, उघडली. खाली त्याच लॉग वाचणाऱ्या सहकाऱ्याची कमेंट होती: "टाइमआउट म्हणजे पेमेंट फेल असं नाही. असा रिट्राय नको." त्यावर उत्तर, "पुढच्या स्प्रिंटमध्ये बघू." आणि त्याखाली अप्रूव्हल माझं. "रिलीज आजच जायला हवं, पटकन बघून टाक," असा मॅनेजरचा मेसेज आला होता, आणि मी वरची कमेंट न वाचताच हो म्हटलं होतं.

पैसे परत करणं, हिशेब जुळवणं यात पुढचे दोन आठवडे गेले. ते काम बहुतेक त्या लॉग वाचणाऱ्या सहकाऱ्यानेच केलं. रिफंडच्या कामाला तिकिटं नव्हती, म्हणून बोर्डावर तो पुन्हा सगळ्यात मागे दिसत होता. मूळ तिकीट अजून 'डन'मध्येच होतं.

मी ते परत उघडलं. त्याची कमेंट आणि माझं अप्रूव्हल, दोन्हींच्या लिंक मेलमध्ये टाकल्या, मॅनेजरला आणि त्याच्या वरिष्ठांना पाठवल्या. मग त्या सहकाऱ्याच्या टेबलाशी जाऊन त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "पुढच्या वेळी फक्त वाच."