गाडीसाठी हँड्सफ्री किट घेताय? आधी माइक कुठे बसणार ते ठरवा

जुन्या अल्टो, वॅगनआर, सँट्रो किंवा इंडिका व्यवस्थित चालत असतात, फक्त त्यांच्या स्टिरिओत ब्लूटूथ नसतं. मग दुकानात किंवा ऑनलाइन शोध सुरू होतो आणि पहिला प्रश्न विचारला जातो तो आवाजाचा: स्पीकर किती वॅटचा, बेस कसा, गाणी कशी वाजतात. हँड्सफ्रीच्या बाबतीत हा प्रश्न दुय्यम आहे. आपल्याला समोरच्याचं बोलणं ऐकू येणं अवघड नसतंच, कारण आवाज वाढवता येतो. अडतं ते समोरच्याचं. त्याला एसीचा झोत, टायरची घरघर, शेजारच्या ट्रकचा हॉर्न आणि त्यात बुडालेला आपला आवाज असं सगळं एकत्र ऐकू येतं आणि तो "हॅलो, हॅलो" करत बसतो. म्हणून किटची निवड माइकपासून सुरू करा.

बाजारात साधारण चार प्रकार मिळतात. लायटर सॉकेटमध्ये खोचायचा आणि फोनचा आवाज गाडीच्या रेडिओवर पाठवणारा एफएम ट्रान्समीटर, स्टिरिओच्या ऑक्स जॅकला (बाहेरचा आवाज वायरने आत घ्यायच्या भोकाला) लावायचा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर, सन व्हायझरला अडकवायचा बॅटरीवरचा स्पीकरफोन, आणि चौथा म्हणजे स्टिरिओच बदलून ब्लूटूथवाला बसवणं.

एफएम ट्रान्समीटर सगळ्यात स्वस्त, म्हणून सगळ्यात जास्त खपतो. पण त्याचा माइक त्याच्या अंगावरच असतो आणि सॉकेट असतं गिअर लिव्हरच्या पुढे, खाली. म्हणजे माइक तोंडापासून पाऊण मीटर लांब, गिअरबॉक्सच्या आवाजाजवळ आणि बऱ्याचदा एसीच्या मधल्या व्हेंटखाली. यातून चांगला आवाज जाणं कठीणच. वर फ्रिक्वेन्सीचा त्रास. मुंबईत ९१.१, ९२.७, ९३.५, ९८.३, १००.७, १०७.१ अशी स्टेशनं आधीच बसलेली आहेत, आणि पुण्यात मोकळी सापडलेली जागा घाट उतरल्यावर मोकळी राहीलच असं नाही. ८७.५ ते ८८ किंवा १०७.५ ते १०८ या टोकांना आधी शोधा. निवडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना निदान ०.४ मेगाहर्ट्झपर्यंत स्टेशन नको. ट्रान्समीटर न लावता ती फ्रिक्वेन्सी रेडिओवर लावून बघा: एकसारखी खरखर आली तर जागा मोकळी, पुसटसं गाणं ऐकू आलं तर दुसरी शोधा. ज्या गाडीत ऑक्सही नाही आणि स्टिरिओ बदलायचाही नाही, तिथेच हा प्रकार घ्यावा. त्याचा एक फायदा मात्र खरा आहे. बहुतेकांच्या पडद्यावर व्होल्टेज दिसतं. इंजिन बंद असताना १२.४ ते १२.६ आणि चालू असताना १३.८ ते १४.४ च्या आसपास आकडा असला पाहिजे. चालू इंजिनवर तो सतत १३ च्या खाली राहत असेल तर बॅटरी चार्ज करणारा ऑल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट दाखवून घ्या.

ऑक्स रिसीव्हर घेताना खोक्यावरचे दोन शब्द शोधायचे: एचएफपी (HFP) आणि ए-टू-डी-पी (A2DP). ब्लूटूथवरून आवाज पाठवायच्या या दोन पद्धती: दुसरी गाण्यांसाठी, पहिली कॉलसाठी. स्वस्तातले पेन-ड्राइव्हसारखे दिसणारे बरेच रिसीव्हर फक्त ए-टू-डी-पीचे असतात. त्यांत माइकच नसतो, त्यामुळे गाणी वाजतात आणि कॉल आला की आवाज परत फोनवर जातो. माइक असलेल्यांतही, ज्याचा माइक वेगळ्या वायरवर येतो तोच घ्या. रिसीव्हर डॅशच्या खाली लपवला आणि माइक त्याच्याच पोटात असेल, तर काही उपयोग नाही.

ऑक्सवाल्या किटची दोन दुखणी सतत भेटतात. पहिलं म्हणजे इंजिनबरोबर वाढणारी शिट्टी. ॲक्सिलरेटर दाबला की सूर चढतो, सोडला की उतरतो. रिसीव्हरला वीज यूएसबी चार्जरमधून मिळते आणि आवाज ऑक्समधून स्टिरिओत जातो. दोन्हींची अर्थिंग वेगवेगळ्या जागी असल्यामुळे मध्ये एक वळसा तयार होतो आणि ऑल्टरनेटरचा आवाज त्यातून आत शिरतो. खात्री करणं सोपं आहे. रिसीव्हर चार्जरऐवजी पॉवर बँकवर लावा. शिट्टी गेली, तर निदान पक्कं. उपाय म्हणजे ऑक्स वायरच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावणं. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असलेली ही डबी दोन-तीनशे रुपयांच्या आसपास मिळते. ती लावूनही शिट्टी राहिली तर चार्जर हलक्या प्रतीचा आहे, तो बदला.

दुसरं दुखणं इको. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या: ज्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो, दोष त्याच्या बाजूला नसतो, समोरच्या बाजूला असतो. आपल्या गाडीतल्या स्पीकरमधून निघालेला त्याचा आवाज आपल्या माइकमध्ये शिरतो आणि परत त्याच्याकडे जातो. किटमधली चिप हा आवाज ओळखून वजा करते. पण त्यासाठी स्पीकरमधून नेमकं काय आणि किती उशिरा बाहेर पडणार हे तिला कळावं लागतं. व्हायझरच्या किटमध्ये स्पीकर आणि माइक एकाच डबीत असतात, त्यामुळे हिशोब जमतो. ऑक्समधून आवाज स्टिरिओत गेला की तिथे बेस वाढतो, लाउडनेस चढतो, थोडा उशीर होतो आणि चिपचा अंदाज चुकतो. म्हणून ऑक्स किंवा एफएमवर बोलताना बेस बूस्ट, लाउडनेस, सराउंड सगळं बंद ठेवा, फोनचा कॉल व्हॉल्यूम तीन-चतुर्थांशावर आणि स्टिरिओचा कमी. बॅलन्स डावीकडे, फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांतला तोल) पुढे सरकवा. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्याच्या दारातला स्पीकर माइकपासून सगळ्यात जवळ असतो. तो शांत झाला की निम्मा इको तिथेच संपतो.

व्हायझरचा स्पीकरफोन मला सगळ्यात कमी कटकटीचा वाटतो. वायरिंग नाही, गाडी बदलली तर बरोबर नेता येतो, माइक तोंडापासून साधारण ३० ते ४० सेंटिमीटरवर. घेताना माइक दोन आहेत का बघा. दोन असले की एसी आणि रस्त्याचा आवाज गाळणं चिपला सोपं जातं. काहींमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो, त्यामुळे गाडीत बसल्यावर आपोआप चालू होतो. ही सोय असेल तर थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही, कारण बटण दाबायचं राहून गेलं की किट बंदच राहतं. याचा खरा शत्रू ऊन. विदर्भ-मराठवाड्यातच नव्हे, पुण्यातही एप्रिलमध्ये काचेजवळची जागा भयंकर तापते आणि लिथियम बॅटरी काचेला चिकटलेली राहते. सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा साधारण नियम आहे. गाडी उन्हात उभी करताना किट काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा, आणि तापलेल्या गाडीत बसल्या बसल्या चार्जिंगला लावू नका. डबीचा सांधा उघडायला लागला किंवा पाठ फुगलेली दिसली, की ते किट वापरायचं बंद करा.

गाडी अजून चार-पाच वर्षं ठेवायची असेल तर स्टिरिओच बदलावा. इथे खोबणीचं माप बघावं लागतं. सिंगल डिन म्हणजे साधारण १८० बाय ५० मिलिमीटर, डबल डिन १८० बाय १००. गाडीच्या मॉडेलचं कपलर (वायरी न कापता जोडायचा सॉकेट) आणि फ्रेम मागून घ्या. कंपनीची वायर कापून टेप गुंडाळणारा फिटर असेल तर दुसरा बघा. बाजारातल्या स्टिरिओच्या हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, पिवळी वायर बॅटरीची कायमची, लाल चावीबरोबर येणारी, काळी अर्थिंगची. चावी काढली की स्टेशनं आणि जोडलेले फोन विसरले जात असतील तर पिवळी आणि लाल उलट जोडल्या गेल्यात. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गाड्यांत हे हमखास घडतं, कारण त्यांच्या आयएसओ कपलरमध्ये या दोन पिना अदलाबदल झालेल्या असतात.

आता माइक. स्टिरिओच्या दर्शनी भागावर एक सुईच्या टोकाएवढं भोक असतं, शेजारी बारीक अक्षरांत एमआयसी लिहिलेलं. तो आतला माइक. पण बऱ्याच स्टिरिओंबरोबर तीनेक मीटर वायरचा वेगळा माइकही खोक्यात येतो, आणि फिटर वेळ वाचवायला तो बाहेर काढतच नाही. गाडी ताब्यात घेण्याआधी खोकं उघडून बघा, आणि तो माइक लावूनच घ्या. वायर स्टिरिओमागून डॅशच्या खालून उजवीकडे, दाराच्या रबरी बीडिंगमध्ये दाबत वर आणि छताच्या कडेने व्हायझरच्या मुळाशी. माइकचं तोंड ओठांकडे, काचेकडे नव्हे. काचेशेजारच्या पिलरच्या (खांबाच्या) कव्हरवर एअरबॅग असं कोरलेलं असेल तर त्या कव्हरमागे किंवा त्यावरून वायर न्यायची नाही. एअरबॅग उघडताना ती आडवी येईल. अशा गाडीत माइक स्टिअरिंग कॉलमच्या कव्हरवर, मीटरच्या खाली चिकटवा. तिथून तोंड समोर असतं. फक्त बाजूच्या व्हेंटची पाती त्याच्यावर वळलेली नकोत. स्टिरिओच्या सेटिंगमध्ये आतला की बाहेरचा माइक असा पर्याय असेल तर बाहेरचा निवडायला विसरू नका, नाहीतर सगळी मेहनत फुकट.

ब्लूटूथ ५.० की ५.३, यावर जास्तीचे पैसे घालवू नका. कॉलच्या आवाजाला त्याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो एचएफपीच्या आवृत्तीने. १.६ पासून वाइडबँड आवाज आला: सेकंदाला ८,००० ऐवजी १६,००० नमुने. खोक्यावर याला एचडी व्हॉइस म्हणतात. २०१६ मध्ये जिओ आल्यापासून व्हीओएलटीईमुळे (फोर-जीवरून होणाऱ्या कॉलमुळे) नेटवर्कवरून चांगला आवाज येतोच. जुनं किट तो शेवटच्या एका मीटरमध्ये दाबून टाकतं. 'स', 'श', 'फ' यांची धार वरच्या पट्टीत असते आणि तीच कापली जाते, म्हणून फोनवर आडनावं आणि आकडे परत परत सांगावे लागतात.

जोडताना आधी फोन आणि किट दोन्हींमधली जुनी नावं पुसा. किटची यादी भरलेली असेल तर नवा फोन जोडला जात नाही किंवा जोडून लगेच तुटतो. जुनी किटं पिन मागतात, ती बहुधा ०००० किंवा १२३४ असते. जोडल्यावर फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये किटच्या नावापुढच्या चाकावर दाबा: कॉल, मीडिया आणि कॉन्टॅक्ट्स असे तीन पर्याय दिसतील. गाणी गाडीत आणि कॉल फोनवर असं होत असेल तर पहिला बंद आहे. पडद्यावर नावाऐवजी नुसता नंबर येत असेल तर तिसरा.

आपल्याकडे दोन सिम सर्रास असतात, त्याची एक वेगळी अडचण. कॉलसाठी 'दर वेळी विचारा' असं सेटिंग असेल, तर गाडीच्या बटणावरून नंबर लावल्यावर सिम कोणतं हा प्रश्न फोनच्या पडद्यावर उमटतो आणि हात तिकडे जातो. एक सिम कॉलसाठी कायमचं ठरवून टाका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातात फोन घेऊन वापरणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलं जातं: पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

आणि किट कितीही चांगलं असलं तरी कॉल छोटाच ठेवा. टोरोंटोमधल्या ६९९ ड्रायव्हरांचा १९९७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की फोनवर बोलताना अपघाताचा धोका साधारण चौपट होतो, आणि हँड्सफ्री वापरणाऱ्यांना त्यात काही सूट मिळालेली दिसली नाही. हात मोकळे होतात, लक्ष मोकळं होत नाही. घाटात, पावसात किंवा सिग्नलच्या गर्दीत फोन वाजू द्या.

परत करण्याची मुदत संपायच्या आत तपासणी उरकून घ्या. आधी उभ्या गाडीत, इंजिन चालू, काचा बंद, एसीचा पंखा तिसऱ्या नंबरवर ठेवून घरच्या कुणाला तरी फोन लावा. त्याने फोन कानाला लावूनच ऐकावं, स्पीकरवर नको, नाहीतर त्याच्या बाजूचा इको तुमच्या किटच्या माथी मारला जाईल. दहा आकडे आणि चार आडनावं सांगा, त्याला ती लिहून घ्यायला सांगा. मग दुसऱ्या कुणाला तरी चालवायला देऊन, तुम्ही शेजारी बसून, हायवेवर ६० च्या वेगाने तेच करा. बोलणारा मात्र चालवणाराच हवा, कारण माइक त्याच्यासाठी लावलाय. कॉल लावणं-तोडणं तुम्ही बघा. लिहून घेतलेले आकडे जुळले तर किट ठेवा. दोनपेक्षा जास्त चुकले तर आधी माइक दहा-पंधरा सेंटिमीटर जवळ सरकवून पुन्हा बघा, आणि तरी नाही जमलं तर परत करा.