आधी गुडघ्यांचं बोलू: लिस्बनमधली आमची वाटचाल

आमच्याकडे चौकशीचा फोन आला की मी पहिलाच प्रश्न विचारते, "काका, घरात गुडघ्याचा त्रास कुणाला आहे?" समोरचा माणूस जरा गांगरतो. त्याने लिस्बन बघायला फोन केलेला असतो, हाडांच्या डॉक्टरला नव्हे. मग थोड्या वेळाने पलीकडून दबक्या आवाजात उत्तर येतं, "हिला आहे." आणि मागून काकूंचा आवाज, "मला नाही, यांनाच आहे!" तिथून पुढे आमचं काम सुरू होतं.

लिस्बन सात टेकड्यांवर वसलंय म्हणतात. सात हा आकडा कौतुकाचा, चढणाऱ्याला त्या सतराही वाटतात. एका बोळातून दुसऱ्या बोळात जायचं तर मध्ये पायऱ्या, पायऱ्या संपल्या की चढ, आणि पायाखाली चुनखडीच्या दगडाचे छोटे छोटे चौकोनी तुकडे. त्याला इथे काल्साडा म्हणतात. वर्षानुवर्षं चालून चालून तो दगड इतका गुळगुळीत झालाय की पावसाचे चार थेंब पडले की साबण फासल्यासारखा. लोकांना चढाची भीती असते, मला उताराची वाटते.

मी मूळची वसईची. घरात कादोडी बोलणारी, शाळेत मराठी शिकलेली. नवरा मडगावचा. 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळतं, त्या वाटेने तो आधी आला आणि 2011 साली मी. पहिल्याच आठवड्यात त्याने मला कार्मोचा मठ दाखवला. 1755 च्या भूकंपात त्याचं छप्पर पडलं आणि ते परत घातलंच नाही. नुसत्या कमानी उभ्या, वर आभाळ. नवऱ्याला वाटलं मी भारावून जाईन. मी म्हटलं, "हे तर आमच्या वसईच्या किल्ल्यात आहे की!" लहानपणी बिनछपराच्या चर्चमध्ये लपाछपी खेळलेली पोर मी. परका देश म्हणून जी धास्ती होती ती तिथे निम्मी गेली. उरलेली दुकानांच्या पाट्या वाचून गेली: परेरा, लोपीस, डिमेलो. आमच्या वाडीतलीच आडनावं.

पहिली तीन वर्षं एका हॉटेलच्या भटारखान्यात भांडी घासली, मग कांदे चिरले. 2014 मध्ये पर्यटकांना फिरवणाऱ्या रिक्षांचं पेव फुटलं. एका मालकाची गाडी मी रोजावर चालवायला घेतली. ती आपे होती. कंपनी इटलीची, पण तिचा एक कारखाना आपल्या बारामतीत. मराठी गिऱ्हाईक बसलं की मी हे हमखास सांगायची आणि हमखास कुणीतरी म्हणायचं, "म्हणजे इथेही बारामतीच!"

मालकाचा हिशोब साधा होता. एका तासात पाच ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी फोटोपुरतं थांबायचं, दिवसाला आठ फेऱ्या. मी दोन वर्षं तेच केलं. पैसे बरे मिळायचे. पण संध्याकाळी आठवायला जावं तर एकही चेहरा आठवायचा नाही. शेवटच्या महिन्यांचा पगार थकवून तो मालक गायब झाला, तेव्हा 2016 च्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी जुनी नऊ आसनी गाडी कर्जावर घेतली. नोंदणी केली, विमा उतरवला आणि ठरवलं की आपण एका वेळी एकाच कुटुंबाचे. दुसरं कुणी त्यात बसवायचं नाही.

पहिलं कुटुंब ठाण्याचं होतं, सात माणसं. मी आठवडाभर खपून चौदा ठिकाणांची यादी केली होती. आल्फामा ही इथली सगळ्यात जुनी वस्ती, भूकंपातून बरीचशी वाचलेली. तिथल्या जिन्यात अकरा वाजता आजी खाली बसल्या त्या उठेचनात. सून म्हणाली, अजून नऊ ठिकाणं राहिलीत. आजी म्हणाल्या, "अगं, मला चर्च पुरे झाली. या बायका एवढ्या चढावर पाणी कुठून आणायच्या आणि धुणं कुठे धुवायच्या, ते कुणी सांगेल का मला?"

आता हे माझ्या यादीत कुठे होतं? पण शेजारच्याच बोळात जुनं सार्वजनिक धुणंघर आहे हे मला ठाऊक होतं. छप्पर, पाण्याची टाकी, तिरपे दगड. तिथे नेलं. एक म्हातारी खरोखरच चादर घासत होती. आजींनी पाच मिनिटं नुसतं बघितलं. मग पुढे होऊन चादरीचं दुसरं टोक धरलं आणि दोघींनी मिळून पीळ घातला. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला पोर्तुगीज. पिळताना दोघींनी चादर एकाच दिशेला फिरवली, मग हसून एकीने हात बदलला. त्या दिवशी बाकीची नऊ ठिकाणं राहिली. संध्याकाळी मुलगा पैसे कापेल म्हणून मी धास्तावले होते. त्याने वर दहा युरो ठेवले आणि म्हणाला, "आई आज पहिल्यांदा कंटाळा आला असं म्हणाली नाही."

तेव्हापासून आम्ही यादी पाठवत नाही, प्रश्न पाठवतो. गुडघे, जेवण, दुपारी झोपायची सवय, आणि आयुष्यभर काय काम केलंत. हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. पुण्याचे एक स्थापत्य अभियंता काका होते, त्यांना राजवाडे नको होते. त्यांना आम्ही बायशा भागातल्या एका बँकेच्या तळघरात नेलं. तिथे खाली रोमन काळातली मासे खारवायची टाकी आहेत आणि भूकंपानंतर राजाचा मंत्री पोंबाल याने नवं शहर उभारताना ओल्या जमिनीत ठोकलेले पाइनचे ओंडकेही दिसतात. वरच्या भिंतींत लाकडी चौकटींचा पिंजरा, म्हणजे इमारत हलली तरी कोसळू नये. काकांनी तिथे दीड तास काढला, काकूंनी वर बाकावर बसून लेकीला व्हिडिओ कॉल केला. दोघंही खूश.

मुंबईकरांसाठी माझी एक ठरलेली जागा आहे. सांव व्हिसेन्तेच्या मठात ब्रागांझा घराण्याची दफनभूमी आहे, तिथे राणी कॅथरीनची कबर. 1661 च्या ज्या विवाहकराराने मुंबई इंग्रजांना आंदण गेली, ती हीच. नवरा वारल्यावर ती लिस्बनला परतली आणि 1705 मध्ये इथेच गेली. दादरच्या एका मावशी कबरीसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "बाई गं, काय दिलंस तुझं तुला तरी कळलं का?"

चढ चढताना आमचा एक खेळ असतो. पायऱ्यांच्या प्रत्येक टप्प्याला एक शब्द. मी पोर्तुगीज शब्द म्हणायचा, त्यांनी मराठी ओळखायचा. शाव्ह म्हणजे चावी, सबांव म्हणजे साबण, कोव्ह म्हणजे कोबी, पांव तर पावच. गामेला म्हटल्यावर घमेलं ओळखायला बायकाच पुढे असतात. किल्ल्यात पोचलो की पहिला राजा अफोन्सो हेन्रिक्स याचा पुतळा. याने 1147 मध्ये हे शहर मूरांकडून, म्हणजे तेव्हाच्या मुसलमान राज्यकर्त्यांकडून जिंकलं. मी म्हणते, हे हापूसराव. आपल्या आंब्याचं नाव दुसऱ्या अफोन्सोवरून, अल्बुकर्कवरून आलं म्हणतात, पण नाव तेच. हापूसरावांबरोबर फोटो काढल्याशिवाय रत्नागिरीचं एकही कुटुंब खाली उतरलेलं नाही.

जेवणाचं विचारू नका. कोबीच्या सूपातही सॉसेजची एक चकती तरंगत येते आणि वाढणारा सांगतो, फक्त एकच आहे. पास्तेल या इथल्या गोड पदार्थात अंड्याचं पिवळं असतं, हे मी घास तोंडात जायच्या आधी सांगते, नंतर नाही. एका जैन कुटुंबाला बटाटाही चालत नव्हता. ज्यांनी भारतात बटाटा आणला म्हणतात त्यांच्या गावात बिनबटाट्याचं शोधत आम्ही तीन दिवस फिरलो. शेवटी माझ्याच स्वयंपाकघरात फुलके लाटले.

चुकाही झाल्या. 2018 च्या नोव्हेंबरात, पावसात, मी "दोनच मिनिटांचा उतार" म्हणून एका काकांना पायी आणलं आणि त्यांचा घोटा मुरगळला. दवाखाना, एक्स-रे, परतीचं विमान पुढे ढकललं. पैसे परत केले, ते म्हणाले नको, तरी केले. तेव्हापासून गाडीत रबरी टोकाच्या दोन काठ्या असतात, आणि जमीन ओली असेल तर तो उतार आमच्यासाठी बंद.

मग मार्च 2020. पुढची सगळी बुकिंगं आठवड्यात गेली. ज्यांनी थेट आमच्याकडे आगाऊ भरले होते त्यांचे आम्ही फेडले. भारतातल्या एका एजंटाकडून आमचं येणं होतं, ते आजतागायत येतंय. नवरा घरोघर जेवणाचे डबे पोचवायला लागला. मी काय करणार? रिकामं शहर पुन्हा कधी मिळणार म्हणून वही घेऊन निघाले. पायऱ्या मोजल्या. कठडा कुठल्या बाजूला, बाक कुठे, सावली किती वाजेपर्यंत, स्वच्छतागृह कुठलं, बायकांना स्वच्छतागृह वापरू देणारं कॅफे कुठलं. नगरपालिकेच्या फुकट लिफ्टा मला माहीत होत्या, पण त्यांची साखळी त्या वहीत जमली. फांकेइरुश रस्त्यावरच्या साध्या इमारतीत शिरायचं, लिफ्टने मादालेना रस्त्यावर निघायचं, पलीकडच्या जुन्या बाजाराच्या इमारतीत दुसरी लिफ्ट, आणि थेट किल्ल्याच्या पायथ्याशी. वर चढण थोडीच उरते. शियादोला जायचं तर मेट्रोचे सरकते जिने आहेतच. आमच्या धंद्यात भांडवल म्हणाल तर ती वही. गाडी काय, जुनी झालीय.

2022 मध्ये सांगलीचे एक आजोबा आले, ऐंशीच्या पुढचे, नातवाबरोबर. गुडघे ठीक होते, पण किल्ला नको, ट्राम नको. म्हणाले, "मोहन रानड्यांना जिथे ठेवलं होतं ते बघायचंय. आमच्या सांगलीचा माणूस." खरं सांगते, मला ते नाव ऐकूनच माहीत होतं. रात्री बसून वाचलं. गोवा 1961 मध्ये मुक्त झाला, पण त्याच्या मुक्तीसाठी लढलेले रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले, 1969 च्या जानेवारीपर्यंत. गोवेकर नवऱ्याच्या घरात राहून मला हे ठाऊक नसावं याची लाज वाटली.

काइश दु सुद्रे स्टेशनहून नदीकाठची लोकल धरली. आजोबा खिडकीशी. काशियशला उतरलो. तुरुंग अजून तुरुंगच आहे, आत जाता येत नाही, हे मी आधीच सांगितलं होतं. बाहेरून जेवढं दिसतं तेवढं बघितलं. आजोबांनी विचारलं, "त्यांना इथून पाणी दिसत असेल का गं?" मी म्हटलं, "आजोबा, मला नाही माहीत." गाईडने असं म्हणायचं नसतं, पण तिथे काहीतरी ठोकून द्यायला जीभ रेटेना. मग समुद्राकडे तोंड करून बाकावर बसलो. त्यांनी पिशवीतून चिवड्याची पुडी काढली. बोलायचं म्हणून मी म्हटलं, तुरुंग हा शब्दही पोर्तुगीजच, त्रोंकुवरून आलेला. आजोबा हसले. "म्हणजे जागाही त्यांची आणि शब्दही त्यांचाच. माणूस तेवढा आपला."

तीन माणसांचं रेल्वेभाडं आणि चिवडा. त्या दिवसाचं बिल काय लावायचं हे आम्हाला कळेना, नवऱ्याने अर्ध्या दिवसाचं लावलं. त्यानंतर सांगली-मिरजेहून आलेली सहा कुटुंबं त्यांच्याच ओळखीची.

आता आम्ही तिघं आहोत. मडगावची एक पोरगी हाताखाली आलीय, पोर्तुगीज माझ्यापेक्षा बरं बोलते. गाडी वाढवा असं सगळे सांगतात. मी नाही म्हणते. आल्फामात पूर्वी ओळखीच्या खिडक्या होत्या, आता त्यांतल्या बऱ्याच रोजच्या भाड्याच्या खोल्या झाल्यात. खाली बंदरावर मोठं जहाज लागलं की वरच्या बोळांत हलायला जागा नसते. आम्हीही त्याच गर्दीतले, हे मला कळतं. म्हणून जहाजाच्या दिवशी आम्ही आल्फामा टाळतो, आणि दारात चेरीची दारू विकणाऱ्या ओळखीच्या म्हातारीकडून गिऱ्हाइकाने घेतली नाही तर एक पेला मी घेते. (गाडी त्या वेळी नवरा चालवत असतो.)

उद्या डोंबिवलीचं कुटुंब आहे. आजी एक्याऐंशीच्या. फोनवर नेहमीचा प्रश्न विचारला तर म्हणाल्या, "दोन्ही नवे घातलेत, वर्ष झालं. तू फक्त पायऱ्या किती ते सांग, मी बघते." वही उघडली. मोरारिया वस्तीतल्या सरकत्या जिन्याच्या ओळीपुढे मागच्या आठवड्यात मीच पेन्सिलने लिहिलंय, बंद. सकाळी आठला आधी एकटीने जाऊन बघून यायला हवं.