कोपरा कापलेली पट्टी

२०१३ च्या उन्हाळ्यात पुण्यात आम्ही दहावीची पुस्तकं अंध मुलांसाठी ध्वनिमुद्रित करत होतो. आदल्याच वर्षी कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली होती. अपंग व्यक्तींना वापरता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून देणं त्यामुळे सोपं झालं होतं, आणि वाचून देणारे स्वयंसेवकही उत्साहानं येत होते. रेकॉर्डिंगनंतरचं सगळं काम माझ्याकडे होतं. फाइली तपासायच्या, सीडी आणि डीव्हीडी राइट करून घ्यायच्या, छपाई, डब्या, पॅकिंग आणि शेवटी रवानगी.

साध्या ऑडिओ सीडीत फार तर ८० मिनिटं मावतात. विज्ञानाचं एक पुस्तक सावकाश वाचलं तर बारा-तेरा तास होतात, म्हणजे एका विषयाला नऊ-दहा सीडी. एवढा गठ्ठा मुलांनी सांभाळायचा कसा? म्हणून आम्ही एमपीथ्री केली. ६४ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट, आणि मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा आवाज. बोलण्याच्या आवाजाला तेवढं पुरतं, आणि ७०० एमबीच्या सीडीत जवळपास २४ तास बसतात. मराठी, विज्ञान, इतिहास आणि भूगोल अशा चार विषयांच्या चार सीडी, आणि शाळेच्या ग्रंथालयासाठी चारही विषय असलेली एक डीव्हीडी. गणिताचं वाचन वेगळ्या पद्धतीनं करावं लागतं, ते आम्ही पुढच्या टप्प्यावर ठेवलं होतं.

फाइलींची नावं ०१, ०२ अशीच द्यायची हे मी सुरुवातीपासून सगळ्यांना बजावलं होतं. नुसतं १, २ लिहिलं तर अनेक प्लेअर १ नंतर थेट १० वाजवतात. डोळस माणूस पडद्यावर बघून ते सुधारून घेईल, पण ज्याला पडदाच दिसत नाही त्याचा पहिल्या धड्यानंतर दहावा धडा सुरू होणार. प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीला विषय, धडा आणि पान क्रमांक आवाजात सांगितलेला होता.

कारखान्यात साचा करून सीडी छापून घेणं हजाराच्या खाली परवडत नाही. आमचे संच काही शेच होते, म्हणून टॉवर, म्हणजे एका वेळी अनेक सीडी राइट करणारं यंत्र, लावून कोऱ्या सीडींवर प्रती काढल्या, त्याही कमी वेगानं, आणि प्रत्येक प्रत मूळ फाइलींशी ताडून घेतली. हा भाग बिनबोभाट पार पडला.

डबीवर विषयाचं नाव ब्रेलमध्ये हवं होतं. कोणीतरी सुचवलं की पट्टी थेट सीडीवरच चिकटवू. मी नाही म्हटलं. संगणकातल्या ड्राइव्हमध्ये सीडी मिनिटाला हजारो फेरे घेते. एका बाजूला जरासं वजन वाढलं तरी ती थरथरते, आणि चिकटवलेलं सुटून आत अडकलं तर ड्राइव्हच जाते. शिवाय सीडीचा चकचकीत थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो. लोक खालची बाजू जिवापाड जपतात, पण नख लागायची खरी भीती वरून असते. म्हणून पट्टी डबीवरच लावायची ठरलं. पातळ डबीची कड जेमतेम ५ मिलिमीटर, तिच्यावर ब्रेलची ओळ बसत नाही, म्हणून ती दर्शनी बाजूला. डीव्हीडीच्या जाड डबीची कड १४ मिलिमीटर असते, तिथे पट्टी कडेवरच बसली. कपाटात उभ्या ठेवलेल्या डीव्हीडींवरून बोट फिरवलं की हवी ती हाताला लागावी, हा त्यामागचा विचार.

पारदर्शक प्लास्टिकवर ठिपके उठवून पट्ट्या तयार झाल्या. पॅकिंग बाहेर एका ठिकाणी दिलं होतं. तिथून माल आला त्याच दिवशी संध्याकाळच्या आत तो टपालात पडायला हवा होता, कारण जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत संच पोचायचे होते. सकाळी अंधशाळेतल्या निवृत्त बाई तपासायला आल्या. त्या स्वतः जन्मापासून अंध. वाचनातले उच्चार त्यांनीच तपासले होते.

बाईंनी पहिला संच हातात घेतला. चार डब्या एकत्र करून वर प्लास्टिक ताणून बसवलेलं. त्यांनी चारही कडांवरून बोटं फिरवली, कुठे सुरुवात सापडते का बघितलं.

“अरे, हे उघडायचं कशानं?”

“ब्लेडनं कापावं लागेल, बाई.”

“मग वसतिगृहातल्या पोरीनं काय करायचं? ब्लेड शोधायचं, की वॉर्डनला हाक मारायची? आणि पुस्तक घ्यायला हाकच मारावी लागली, तर तुझ्या या सीडीचा उपयोग काय?”

मी कापून दिलं. त्यांनी एक डबी उचलली, पट्टीवर तर्जनी टेकवली आणि थांबल्या. पुन्हा डावीकडून सुरुवात केली. मग डबी गोल फिरवून परत वाचली आणि म्हणाल्या, “उलटी लावली आहे रे. हे विज्ञान आहे.”

पुढची डबीही उलटी. त्याच्या पुढची बरोबर. भूगोलाची एक डबी तर मराठीची पट्टी घेऊन बसली होती.

पॅकिंग करणाऱ्या माणसांना ब्रेल येत नव्हतं, आणि डोळ्यांना ते ओळखू येणं खरंच अवघड आहे. ब्रेलमध्ये प्रत्येक खूण सहा ठिपक्यांच्या एका घरात बसते, आणि काना, वेलांटी अक्षरानंतर वेगळ्या घरात लिहितात. त्यामुळे मराठी, विज्ञान आणि भूगोल हे तिन्ही शब्द बरोबर पाच-पाच घरांचे होतात, पट्ट्या एकाच लांबीच्या. इतिहासाची तेवढी सहा घरं. ‘त’ तर असा की पट्टी उलटी केली तरी तो ‘त’च राहतो. पारदर्शक पट्टीला वर-खाली काहीच नाही.

संध्याकाळपर्यंत सगळे संच उघडायचे ठरलं. बाईंनी फोन करून आपले दोन माजी विद्यार्थी बोलावून घेतले. आम्ही डोळस माणसं प्लास्टिक फाडत होतो आणि ते तिघं वाचत होते. त्यांचा वेग बघून मी थक्क झालो. आम्हाला प्रत्येक पट्टी नमुन्याशी लावून ठिपके मोजावे लागले असते. ते डबी टेबलावरून सरकवतानाच ‘बरोबर’, ‘उलटी’, ‘दुसरीच’ म्हणून तीन ढिगांत टाकत होते.

चिकटलेली पट्टी सोलून काढली की ठिपके दबतात, ती पुन्हा वापरता येत नाही. ब्रेलचे ठिपके उठवणारं यंत्र, एम्बॉसर, दुसऱ्या संस्थेचं, त्या दिवशी बंद. बाईंनी पिशवीतून हातानं ब्रेल लिहायची पाटी आणि स्टायलस, म्हणजे ठिपके टोचायची टोचणी, काढली. उरलेलं प्लास्टिक पाटीत अडकवून त्या उजवीकडून डावीकडे टोचत गेल्या, कारण ठिपके मागच्या बाजूनं उठतात. टकटक आवाज येत राहिला आणि पट्ट्या पडत राहिल्या. प्रत्येक पट्टी झाली की म्हणायच्या, “वरचा उजवा कोपरा काप.” कोपरा कापला की ब्रेल न येणाऱ्यालाही ती कशी धरायची ते कळतं. इतका साधा उपाय, आणि तो छपाईच्या कुठल्याही सूचनापत्रात मला आजवर दिसला नव्हता.

मध्येच चहा आला तेव्हा मी विचारलं, सीडी प्लेअरमध्ये घालताना वरची बाजू कशी ओळखता? त्यांनी एक सीडी काढून माझ्या हातात दिली. “डोळे मीट. भोकाच्या भोवती बोट फिरव. आता उलटी कर.” एका बाजूला बारीक उंच कडं लागलं, दुसऱ्या बाजूला नाही. एकावर एक ठेवलेल्या सीडी घासू नयेत म्हणून ते कडं असतं, आणि ते चकचकीत बाजूला असतं. इतकी वर्षं सीडी हाताळूनही ते माझ्या बोटाला कधी जाणवलं नव्हतं.

अंधांसाठीच्या साहित्याला साध्या टपालाचा खर्च लागत नाही. पाकीट ७ किलोच्या आत हवं आणि तपासणीसाठी उघडता आलं पाहिजे. ताणलेलं प्लास्टिक गेलंच होतं, त्यामुळे डब्या सरळ पुठ्ठ्याच्या खोक्यात घातल्या आणि सुतळीनं बांधल्या. सुरगाठ बोटांनी सुटते. मराठवाडा आणि विदर्भातल्या शाळांची खोकी त्याच संध्याकाळी गेली, जवळच्यांची दोन दिवसांनी.

पुढच्या खेपेला मी रंगीत मुखपृष्ठाचा खर्च काढून टाकला आणि तो पैसा जाड प्लास्टिकच्या पट्ट्यांवर घातला. देणगीदारांपैकी एकांना ते रुचलं नाही. संच समारंभात दाखवायला देखणा हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. मी मुखपृष्ठ परत आणलं नाही.

जुलैमध्ये जालन्याच्या एका मुलाचा फोन आला. पट्टी नीट वाचता आली, पण त्याचा प्लेअर पहिल्या फोल्डरच्या पुढे जात नव्हता, म्हणून इतिहासाचा दुसरा भाग ऐकायचा राहिला होता. त्याला त्या भागाची वेगळी सीडी पाठवली, आणि त्यानंतर आम्ही फोल्डर करणं बंद केलं.