वजीर फुकट मिळाला तेव्हा

अकरा वर्षांच्या पोराने आपला वजीर उघड्यावर सोडला तर माझ्यासारखीने काय करावं? मारावा. मी मारला, आणि त्यानंतर त्याच्या पाचव्या चालीला मात खाल्ली.

तर झालं असं. २०२५च्या जुलैमध्ये आमच्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बटुमीला कोनेरू हम्पीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. एकोणीस वर्षांची मुलगी, त्याच विजयात ग्रँडमास्टरही झाली. आठवडाभरात बहिणीच्या मुलाचं नाव क्लासला घातलं गेलं आणि घरी सरावाला कोणीतरी हवं म्हणून मी सापडले. मला बुद्धिबळ येतं हा माझा समज होता. ते आजोबांनी शिकवलेलं, देशी. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जाणार, आणि शह बसायच्या आधी राजाला एकदाच घोड्यासारखं अडीच घर उडता येणार. पहिल्याच दिवशी मी राजा उडवला तेव्हा भाच्याने पटावरून माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्याने तो परत ठेवला.

त्या रविवारी तर्री पोहे संपवून बसलो. मी पांढऱ्याकडून. सुरुवात नेहमीची : राजापुढची प्यादी, घोडे, दोघांचेही उंट सी-फाइलवर (फाइल म्हणजे पटावरचा उभा रकाना, ए ते एच; त्यापुढचा आकडा ओळीचा). मी लगेच कॅसलिंग करून घेतलं, म्हणजे राजा बाजूला नेऊन हत्ती त्याच्या शेजारी आणला, कारण ते चांगलं असतं एवढं ऐकून होते. सहाव्या चालीला उंट जी-५ वर नेऊन त्याचा घोडा वजिराला बांधून ठेवला : घोडा हलला तर मागचा वजीर उघडा. स्वतःवर खूश होते मी.

त्याने प्याद्याने हुसकावलं, मी मागे. दुसरं प्यादं आलं, मी आणखी मागे, जी-३ वर. मग त्याने एच-फाइलचं प्यादं पुढे काढलं. जी-५ वरचं प्यादं फुकट होतं, घोड्याने खाल्लं. एच-प्यादं आणखी पुढे येऊन उंटावर चढलं. उंट वाचवायचा सोडून मी घोडा एफ-७ वर घुसवला : वजीर आणि हत्ती एकदम! त्याने शांतपणे प्याद्याने उंट मारला. मी वजीर मारला. "मावशी, बघून घेतलंस ना?" हे त्याने विचारलं होतं, हे नंतर आठवलं.

मग त्याचा उंट जी-४ वर आला, माझ्या वजिरावर. वजीर हलवला. त्याचा घोडा पटाच्या मधोमध आला. मी उंटाला हुसकवायला प्यादं पुढे केलं, तर घोड्याने शह. तो वजिराने मारता येत होता, पण मग उंटाने वजीर घेतला असता. वजीर कसा द्यायचा! राजा कोपऱ्यात सरकवला. हत्तीने शह, हत्ती मारला, उंट एफ-३ वर. मात.

मी पटाबाहेरच्या सोंगट्या मोजल्या, प्रत्येकीच्या ठरलेल्या गुणांनी. वजीर नऊ, हत्ती पाच, दोन प्यादी : मी १६ गुणांचं मारलं होतं. त्याने एक उंट, एक प्यादं, ४ गुणांचं. माझा एक हत्ती आणि एक घोडा पूर्ण डावात जागचे हललेच नव्हते. वजीर मारणारा घोडा त्याच्या शेवटच्या ओळीत अडकून बसलेला. म्हणजे श्रीमंत मीच, आणि कामावर कोणीच नाही.

हा डाव त्याचा नव्हेच. १८७४ साली सेंट पीटर्सबर्गला चिगोरिन या रशियन खेळाडूने काळ्याकडून हाच सापळा लावला होता, क्लासमध्ये दाखवला म्हणे. (फुकटात मिळाल्यासारखा आनंद त्याला, फी आम्ही भरतो.) माझी चूक मात्र वजीर मारण्याच्या बरीच आधीची निघाली. त्याने कॅसलिंग केलेलंच नव्हतं. राजा त्या बाजूला असता तर ती प्यादी पुढे काढायला तो कचरला असता, त्याचंच घर उघडं पडलं असतं. राजा मधे असताना उलट मीच त्याला हल्ल्याला वाट करून दिली. उंट कुठे न्यायचा हे मला पाठ होतं. समोरच्याचा राजा कुठे आहे हे बघून न्यायचा, हे नव्हतं.

परवा त्याने एक प्यादं तसंच सोडलं. मी हात मागे घेतला आणि बघत बसले : कोण घरात बसलंय, कोणाची वाट मोकळी होतेय.

"मावशी, झोपलीस का?"

खरं तर ते प्यादं तो चुकून विसरला होता.