वुर्झबर्ग: जिथे थोडी हवा शिल्लक ठेवावी लागायची

फ्रँकफर्टहून वेगवान गाडीने वुर्झबर्ग सव्वा तासावर. स्टेशनापासून चालत गेलं की राँटजेनरिंग ८ हा पत्ता. इथल्याच प्रयोगशाळेत ८ नोव्हेंबर १८९५ च्या संध्याकाळी विल्हेल्म राँटजेनला काळ्या पुठ्ठ्यात गुंडाळलेल्या नळीजवळचा बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा पडदा चमकताना दिसला, आणि क्ष-किरणांचा शोध लागला. प्रदर्शन छोटंसं आहे, पण नळ्यांपाशी रेंगाळावं.

नळी म्हणजे काचेचा फुगा. आत ॲल्युमिनियमचा कॅथोड (ऋण टोक), बाहेर इंडक्शन कॉइल, तिच्यातून हजारो व्होल्टचे झटके. आतली हवा पाऱ्याच्या पंपाने साधारण दहा लाखाव्या हिश्शावर आणायची. पण पुरती काढायची नाही! उरलेल्या वायूचे आयन (विद्युतभारित कण) कॅथोडवर आदळतात, तेव्हाच त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. ते समोरच्या काचेवर धडकले की काच हिरवी चमकते आणि तिथूनच क्ष-किरण निघतात. किरणांचा उगम असा पसरट, म्हणून चित्र धूसर. शिवाय जवळपास सगळी ऊर्जा उष्णतेत जाते, काच तापून तडकायची. राँटजेनच्या पत्नी बर्थाबाईंच्या हाताच्या क्ष-किरण फोटोला, २२ डिसेंबरला, सुमारे पंधरा मिनिटं लागली. १८९६ मध्ये लंडनच्या हर्बर्ट जॅक्सनने खोलगट कॅथोड घेऊन इलेक्ट्रॉन तिरक्या प्लॅटिनमच्या पत्र्यावर एकवटले, आणि चित्र रेखीव झालं.

खरी कटकट पुढेच. वापरता वापरता उरलासुरला वायू काचेत आणि धातूत मुरायचा. नळी ‘कडक’ व्हायची: जास्त व्होल्टेज लागायचं, किरण हाड-मांस सारखंच भेदायचे, फोटो फिका यायचा. शेवटी ठिणगी नळीबाहेरूनच उडायची. उपाय म्हणून काही नळ्यांना पॅलॅडियमची बारीक नळी जोडलेली असते. ती ज्योतीवर लाल तापवली की ज्योतीतला हायड्रोजन तिच्या भिंतीतून आत झिरपतो. जास्त झिरपला तर नळी ‘मऊ’, किरण लुळे. म्हणजे तापवायचं जपूनच. कडकपणा अजमावायला कित्येक जण आपलाच हात पडद्यासमोर धरत. त्यांतल्या अनेकांची बोटं पुढे कापावी लागली.

१९१३ मध्ये अमेरिकन संशोधक कूलिजने इलेक्ट्रॉन सोडायला टंगस्टनची तापलेली तार वापरली आणि आयनांची गरजच संपली. आता नळी हवी तितकी निर्वात करता येत होती.

जुन्या नळीची काच कुठे जांभळट दिसली, तर ती खूप वापरलेली समजा. काचेतल्या मँगनीजला किरणांनी चढलेला तो रंग.