धोमच्या पाण्यावर दोन दिवस: गळ, जाळी आणि शेजारची होडी

"पाणी मोकळं असतं, माणूस दिसत नाही, परवानगीचं मी बघतो, फक्त जाळीवाल्यांपासून लांब राहा, ती माणसं भांडकुदळ आहेत." वाईजवळच्या धोम धरणावर गळ घेऊन निघण्याआधी फोनवर होडीवाल्याकडून मिळालेली माहिती एवढीच. यातली एकही गोष्ट खरी निघाली नाही. एप्रिलअखेरच्या रविवारी सकाळी साडेसहाला एकाच पट्ट्यात चौदा होड्या होत्या. परवानगीचे पैसे वेगळे मोजावे लागले. आणि दोन दिवसांत पाण्यावर सगळ्यात सभ्यपणे कोण वागलं असेल, तर ते जाळीवाले. आरडाओरडा, एकमेकांच्या तंगुसावरून (गळाच्या दोरीवरून) होडी नेणं, मोठ्याने गाणी लावणं, हे सगळं आपल्या हौशी गळवाल्यांनी केलं. पुढे जाणाऱ्यांनी तरी ते टाळावं म्हणून हे सविस्तर.

शनिवार निवांत गेला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पोहता येतं, लाइफ जॅकेट अंगात आहे (होडीत पायाशी नाही, अंगात) आणि वाऱ्याविरुद्ध तासभर वल्हं मारता येतं, हे धरूनच पुढचं लिहितोय.

आधी पैशाचं. फोनवर होडीचे ८०० रुपये ठरले होते, काठावर पोचल्यावर ते 'माणशी' निघाले. वर डिझेल वेगळं, आणि वेळ मोजायची ती होडी काठावरून सुटल्यापासून. वादावादी करून २,००० वर तुटलं, पण सकाळचा पाऊण तास गेला, आणि मासा लागायची वेळ तीच. तेव्हा फोनवरच विचारा: होडीचे की माणशी? डिझेल धरून का? वेळ कुठून कुठपर्यंत? जॅकेट किती देणार? उत्तरं मेसेजवर लिहून घ्या. परवानगी होडीवाला देऊ शकत नाही, हेही लक्षात असू द्या. धरणातल्या मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभाग सहसा एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेला देतो. आपल्या धरणांतला कटला, रोहू, मृगळ हा मूळचा कृष्णेचा मासा नव्हे, गंगेकडचा. त्याची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) विकत आणून पाण्यात सोडावी लागते, तेव्हा कुठे पुढे तीन-चार किलोचा कटला गळाला लागतो. म्हणजे आपण ज्याला 'धरणातला फुकटचा मासा' म्हणतो, तो कुणीतरी पैसे घालून वाढवलेला असतो. संस्थेच्या माणसाला गाठा, पैसे द्या, पावती घ्या आणि ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवा. पाण्यावर कुणी विचारलं की पहिलं वाक्य पावतीचं असलं, तर पुढचं बोलणं गोडीनेच होतं.

आता तो पट्टा. धरणाच्या भिंतीकडून वरच्या बलकवडी धरणाच्या दिशेने आत जाताना उन्हाळ्यात पाणी उतरलं की एके ठिकाणी फुगवटा (भिंतीमागे साठलेलं पाणी) एकदम आवळतो. जुनं नदीपात्र तिथे एका काठाला चिकटून जातं. खोल पाणी तेवढंच, बाकीच्या उथळ भागात बुडालेल्या शेतांच्या ताली, दगडी बांध, झाडांची खुंटं. मासा खोल पात्राच्या कडेला उभा राहतो, म्हणून गळवाले तिथे नांगर टाकतात. त्याच कारणाने जाळीही तिथेच लागतात. मोटरच्या होड्यांनाही पंखा दगडाला न लावता जायला तेवढीच वाट. तीन वेगवेगळ्या कामांची माणसं एका गल्लीत. रविवारी सकाळी साडेसहा ते दहा या वेळात तिथे जाऊच नका, हे माझं स्पष्ट मत. मंगळवार-बुधवारी जा, किंवा रविवारीच जायचं असेल तर भिंत आणि सांडव्यापासून चांगलं लांब राहून रुंद पाण्यात बसा.

तरी गेलातच, तर पहिली गोष्ट अंतर. साध्या रॉडने गळ तीस-चाळीस मीटर जातो. दोघांनी एकमेकांच्या दिशेने टाकले तर साठ-ऐंशी मीटरचं पाणी भरलं. तेव्हा नांगरलेल्या होडीपासून ऐंशी मीटर तरी सोडून बसा. पाण्यावर अंतराचा अंदाज चुकतो, म्हणून सोपी खूण: शेजाऱ्याचा फ्लोट तुम्हाला साध्या डोळ्यांनी दिसत असेल, तर तुम्ही फार जवळ आहात. वारा त्याच्याकडून जिकडे वाहतो, त्या बाजूला सरळ रेषेत तर बसूच नका. त्याने तासभर पेंड आणि कोंड्याचा चारा टाकून मासा गोळा केलेला असतो, तो चारा हळूहळू तुमच्याकडे वाहत येतो आणि मागोमाग मासाही. त्याला ते कळतं, आणि राग येतो तो बरोबरच आहे.

दुसरी गोष्ट, जवळून जाण्याची पद्धत. सगळ्यात जास्त चुका इथेच झाल्या. नांगरलेल्या होडीचं तोंड वाऱ्याकडे असतं आणि तंगूस बहुतेक वेळा मागच्या बाजूने किंवा आडवे सोडलेले असतात. म्हणून मागून जाऊ नका, तोंडाच्या बाजूने जा, पण तिथे नांगराचा दोर असतो. आठ मीटर खोलीला पंचवीस-तीस मीटर दोर सोडावा लागतो, म्हणजे तो होडीपुढे तिरपा लांबवर गेलेला असतो. नायलॉनचा दोर बुडतो, त्याचा त्रास कमी. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा निळा-पिवळा स्वस्त दोर पाण्यावर तरंगतो, आणि येणाऱ्याच्या पंख्यात तोच गुंडाळला जातो. तुमच्याकडे तसला दोर असेल तर होडीपासून दोन-तीन मीटरवर त्याला पाव किलोचं वजन बांधा, दोर खाली बसतो. आणि जाणाऱ्याने होडीच्या तोंडापुढे किमान चाळीस मीटर सोडावेत.

वेग कमी करायचा तो शंभर मीटर आधी. अगदी जवळ येऊन एकदम थ्रॉटल सोडला की होडीचं मागचं टोक बसतं आणि तेव्हाच सगळ्यात मोठी लाट उठते. ज्याने 'मी तर हळू केली होती' असं सांगितलं, त्याच्याच लाटेने शेजारच्या कयाकमध्ये पाणी शिरलं होतं. कयाकची कड पाण्यापासून वीतभरच वर असते. कयाकवाल्यानेही लाट आडवी घेऊ नये, टोक तिच्याकडे तिरकं वळवावं. आणि शिट्टी, हॉर्न, ओरडणं यातलं काही लागत नाही. हात वर करायचा, त्याने हाताने दाखवलेल्या बाजूने जायचं. हाताने काहीच दाखवलं नाही, तर थांबून विचारायचं, "मामा, कुठनं जाऊ?" सकाळच्या स्थिर पाण्यावर साधा आवाजही लांबपर्यंत स्वच्छ ऐकू जातो. म्हणून स्पीकर घरी ठेवा, आणि दुसऱ्याच्या होडीबद्दल बोलतानाही तो ऐकतोय हे धरूनच बोला.

जाळ्यांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तिथेच खरं नुकसान होतं. कंडाळ (पाण्यात पडद्यासारखं उभं सोडायचं जाळं) संध्याकाळी लावतात, सकाळी काढतात. वरच्या दोरीला थर्मोकोलचे तुकडे किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, आणि दोन्ही टोकांना मोठा कॅन. सूर्य समोर असला की चमकणाऱ्या पाण्यात बाटल्या दिसत नाहीत. अशा वेळी होडी थोडी वळवून सूर्य पाठीशी घ्या आणि सारख्या अंतरावर असलेली तरंगती रांग शोधा. एक बाटली दिसली तर तो कचरा असू शकतो. तीन एका रेषेत दिसल्या की ते जाळं समजायचं. दोन कॅनच्या मधून कधी जाऊ नका, टोकाच्या कॅनला वीस मीटरचा वळसा घाला. रविवारी एका जाळीवाल्याने आमच्यासह चार होड्यांना वल्हं आडवं धरून थांबवलं आणि एवढंच म्हणाला, "पावनं, जाळं हाय तितं, हिकडनं या." मग स्वतःची होडी बाजूला घेऊन वाट दाखवली. यालाच फोनवरच्या माणसाने भांडकुदळ म्हटलं होतं.

गळ जाळ्यात अडकलाच, तर ओढू नका. तीन काट्यांच्या गळाचा ल्युअर (खोटं आमिष) जोराने ओढला की जाळ्याची वीस घरं एका झटक्यात फाटतात. तंगूस ढिला सोडून होडी गळावर न्या, मासा काढायच्या पक्कडीने गळाचा काटा दाबा आणि आला तसा उलटा काढा. निघत नसेल तर तंगूस तोडा, जाळ्याचा धागा तोडू नका. गळ जाळ्यात राहिला असेल तर मालकाला सांगणं अत्यावश्यक आहे. पहाटेच्या अंधारात जाळं ओढताना तो गळ थेट त्याच्या तळहातात जातो. फाटलं असेल तर शिवणावळ विचारून द्या. आणि जाळं उचलून 'काय लागलंय' बघणं हा सरळ चोरीचाच प्रकार दिसतो, तुमचा हेतू कितीही चांगला असो.

शेजाऱ्याला मोठा मासा लागला की काय करायचं, हे हौशी लोकांतल्या निम्म्यांना ठाऊक नाही. मोठा कटला पहिल्याच झपाट्यात चाळीस-पन्नास मीटर तंगूस नेतो. त्याचा रॉड वाकलेला दिसला की त्या बाजूचे आपले गळ लगेच गुंडाळा, विचारत बसू नका. मासा आपल्या नांगराच्या दोराकडे येत असेल तर दोर उपसायला वेळ नसतो. दोराच्या टोकाला रिकामा पाच लिटरचा कॅन आधीच बांधून ठेवलेला असावा. दोर सोडून द्यायचा, होडी वल्ह्याने बाजूला घ्यायची, कॅन नंतर शोधून उचलायचा. असं रविवारी एकाने अनोळखी माणसासाठी केलं आणि नंतर दोघं काठावर एका डब्यातली भाकरी खात होते. मदतीला जाळी (हँडनेट) धरायला बोलावलं तरच जा. जाळी आधी पाण्यात बुडवून स्थिर धरा, मासा तोंडाकडून तिच्यावर येऊ द्या, मग उचला. माशामागे जाळी मारत सुटलात तर तंगूस तुटतो. आणि दुसऱ्याच्या तंगुसाला हात लावायचा नाही, कधीच.

"काय लागतंय का?" हा पाण्यावरचा नमस्कार आहे, विचारा आणि खरं उत्तर द्या. किती खोलीवर, कशावर, हे सांगायला हरकत नाही. कटला वरच्या थरात, रोहू मध्ये, मृगळ तळाशी, एवढं तर सगळ्यांना माहीत असतंच. पण दुसऱ्याची नेमकी जागा विचारू नये, आणि त्याच्या माशाचा फोटो मागचा डोंगर दिसेल असा काढून ग्रुपवर टाकू नये. कमळगड मागे दिसला की जाणकाराला जागा कळते, आणि पुढच्या रविवारी चौदाच्या वीस होड्या होतात.

वारा. एप्रिल-मेमध्ये बारा-एकनंतर खोऱ्यातून पश्चिमेचा वारा सुटतो. फुगवटा लांबट असल्याने लाटा भिंतीकडे जाईपर्यंत मोठ्या होत जातात. हवा भरलेल्या होड्या आणि कयाक यांनी साडेअकराला काठाकडे वळावं, मासा लागत असला तरी. वळिवाचे ढग पाचगणीच्या बाजूला चढताना दिसले, तर रॉड आडवे ठेवा, कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. निघताना शेजारच्या होडीला हात करून सांगा, "आम्ही निघालो." मागे कोण राहिलंय हे प्रत्येकाला माहीत असलं पाहिजे. कुणी दोन्ही हात पसरून खाली-वर करत असेल, तर तो नमस्कार नव्हे, मदत मागतोय. गळ तसेच सोडून जा. ओढायचा दोर त्याच्या होडीच्या पुढच्या कडीलाच बांधा, पंधरा-वीस मीटर लांब, आणि चालीच्या वेगाने ओढा. बाजूच्या कडीला बांधलेली होडी पहिल्या लाटेलाच उलटते.

काठावर उतरायची जागा अरुंद, चिखलाची. होडी पाण्यात असतानाच रॉड गुंडाळून, सामान पिशव्यांत भरून या. काठ पाच मिनिटांत मोकळा करा, मागे लोक वाऱ्यात थांबलेले असतात. तंगुसाचे तुकडे बाटलीत भरून घरी न्या. जाळ्यात आणि बगळ्याच्या पायात अडकतात ते हेच. मासे तिथे साफ करू नका, धोमच्या देवळाजवळच्या घाटावर तर नाहीच. आणि अंधार पडायला लागला असेल तर आपली होडी गाडीवर चढली म्हणून निघून जाऊ नका. गाडीचे दिवे पाण्याच्या दिशेने लावून शेवटची होडी येईपर्यंत थांबा, त्या खुंटांमधून काठ तेवढ्यावरच सापडतो.