सोलापूरच्या उन्हात रेणूची तार जोरात चालेल का?

प्रकाशाने चालू-बंद होणाऱ्या रेणूच्या तारेचा, म्हणजे दोन टोकांमध्ये रेणू जोडून केलेल्या वीजवाहक तारेचा, विषय निघाला की सोलापुरात हा प्रश्न हमखास येतो: मे महिन्यातल्या आपल्या उन्हात ती केवढी वीज नेईल? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. ऊन तिच्या कामाचं नाही. तिला प्रकाशाचा रंग कळतो, उन्हाचा चटका नाही.

या कामातला नेहमीचा रेणू डायअरिलइथिन. त्याच्या मधलं कडं ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या अतिनील प्रकाशात मिटतं. मग एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी टोकापासून टोकापर्यंत सलग होते आणि इलेक्ट्रॉन सहज पलीकडे जातात. ५०० नॅनोमीटरच्या वरचा दृश्य प्रकाश टाकला की कडं उघडतं, साखळी खंडते. रेणू मात्र तुटत नाही. जॅकार्ड मागाच्या पत्त्यात भोक असलं तर ताण्याचा धागा उचलला जातो, नसलं तर खाली राहतो. धागा तोच, तसंच हे. उन्हात दोन्ही प्रकाश असतात, म्हणून मिटणं-उघडणं एकदमच चालतं आणि हाती येते भेसळ.

अझोबेन्झिन हा प्रकाशाने वाकणारा दुसरा रेणू वापरलात तर आपला उन्हाळा खरोखर आडवा येतो. त्याचं वाकलेलं रूप नुसत्या उष्णतेनेही सरळ होतं.

खरी कटकट जोडणीत आहे. रेणूची टोकं गंधकाने सोन्याला चिकटवतात. २००३ साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या गटाला असा रेणू प्रकाशाने बंद करता आला, पण परत चालू होईना: प्रकाशाने मिळालेली ऊर्जा कडं मिटायच्या आतच सोनं ओढून घेत होतं. २०१६ मध्ये बीजिंगच्या गटाने सोन्याऐवजी ग्राफीन (कार्बनचा एका अणूएवढा पातळ पापुद्रा) घेतलं आणि रेणूच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मिथिलीन गटांची, म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या छोट्या दुव्यांची, फट ठेवली. तेव्हा तो दोन्हीकडे फिरू लागला; चालू-बंद प्रवाहांत सुमारे शंभरपट फरक.

मापनात फसगत मात्र सोपी. दिव्याने सोन्याचं टोक तापून किंचित फुगतं, फट कमी होते, प्रवाह वाढतो. आपण म्हणतो, रेणू बदलला! दिवा विझवून पाहा. प्रवाह लगेच मूळ पदावर आला तर ती बहुधा उष्णता. डायअरिलइथिनचं कडं अंधारातही मिटलेलंच राहतं. शिवाय न बदलणारा रेणू त्याच जोडणीत, तेवढ्याच प्रकाशात तपासा. आणि ३१३ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश वापरणार असाल तर साधी काच नको, तो प्रकाश ती बराचसा गिळते. क्वार्ट्झच घ्या.